तीन मीटर पाण्यातला सोनार

माझा आतेभाऊ मिनेसोटात असतो. तिकडे थंडीत तळी गोठली की हा माणूस बर्फाला भोक पाडतो, बादली उपडी घालून तिच्यावर बसतो आणि मासे गरवतो. मागच्या चवथीला घरी आला तेव्हा त्याच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध एक डबा निघाला. हातात मावेल एवढी स्क्रीन, खाली बॅटरी, आणि लांब वायरच्या टोकाला लाडवाएवढा काळा गोळा. "मी नवीन घेतलं. हे तू ठेव, तुझ्या नदीत चालेल," म्हणाला.

माझी नदी म्हणजे गोव्यातली शापोरा. घर चोपड्याला, पोटापाण्याचं दुकान म्हापशात, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचं. जूनजुलैच्या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत ट्रॉलर किनाऱ्याला लागतात, तेव्हा त्यांची मासे शोधायची यंत्रं माझ्या टेबलावर येतात. त्यामुळे डबा उघडून बघायला मला तो अमेरिकेहून यायची गरज नव्हती. पण असं यंत्र स्वतः होडीत घेऊन बसण्याची पाळी पहिल्यांदाच आली.

मामाच्या होडीतून निघालो. दोन तास स्क्रीनकडे डोळे लावून बसलो, एक मासा दिसेल तर शपथ. मामाने तेवढ्या वेळात तीनदा पागेर फेकलं आणि पिशवीभर शेवटे जातीचे मासे काढले. जाळं झाडता झाडता त्याने एकच प्रश्न विचारला, "हांगा मासो ना म्हणटा तुजें यंत्र?"

यंत्र बिघडलेलं नव्हतं. मला ते वाचता येत नव्हतं, आणि उथळ पाण्यात ते वाचणं खोल पाण्यापेक्षा अवघड असतं. मिनेसोटातलं तीन मीटरचं गोठलेलं तळं आणि शापोऱ्यातली तीन मीटरची खाडी, दोन्हीकडे यंत्राची गोची सारखीच होते. ती कशी, ते सांगतो.

सोनार म्हटलं की आपल्याकडे आधी दागिने घडवणारा आठवतो. हा सोनार वेगळा. विहिरीत वाकून ओ दिला की ओ परत येतो, तेवढंच याचं काम. पाण्यात आवाज सोडायचा, प्रतिध्वनी ऐकायचा आणि मधला वेळ मोजायचा. आवाज सोडणारा आणि ऐकणारा तो काळा गोळा, त्याला ट्रान्सड्युसर म्हणतात. त्याच्या पोटात एक चकती असते. तिला विजेचा झटका दिला की ती थरथरते, आणि बाहेरून आवाजाने तिला थरथरवलं की ती वीज देते. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला लांजव्हॅं या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्वार्ट्झ वापरून पाण्यात आवाज सोडला. मासे शोधायला मात्र हे तंत्र खऱ्या अर्थाने कामाला लावलं ते नागासाकीच्या फुरुनो बंधूंनी, १९४८ मध्ये. ते मूळचे होड्यांवरची विजेची कामं करणारे. माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याला ही गोष्ट भारी आवडते.

पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो. गोठलेल्या तळ्यात सेकंदाला साधारण १४०० मीटर, आपल्या कोमट खाऱ्या पाण्यात दीड हजाराच्या थोडं वर. तीन मीटर खोल पाण्यात आवाज तळाला आपटून परत यायला जेमतेम चार मिलिसेकंद लागतात. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तो तीसेक वेळा खाली जाऊन वर येईल. त्या चार मिलिसेकंदांतच सगळा खेळ आहे: कुठे वाळू, कुठे चिखल, कुठे मासा.

आता स्क्रीन. सगळ्यांची पहिली चूक इथे होते, माझीही झाली. स्क्रीन बघितली की वाटतं हा पाण्याचा फोटो आहे: वर पृष्ठभाग, खाली तळ, डावीकडे डावीकडचं पाणी, उजवीकडे उजवीकडचं. यातलं फक्त वर-खाली खरं आहे. डावं-उजवं म्हणजे जागा नव्हे, वेळ. सगळ्यात उजवीकडची उभी पट्टी म्हणजे आत्ता या क्षणी आलेला प्रतिध्वनी. तो दाखवून झाला की पट्टी एक घर डावीकडे सरकते आणि नवी येते. डावीकडे दिसतो तो इतिहास. होडी पुढे जात असेल तर इतिहास म्हणजे मागे टाकलेलं पाणी. होडी नांगरून उभी असेल तर सगळी स्क्रीन एकाच जागेची असते, होडीखालच्या त्याच वीतभर जागेची, गेल्या काही मिनिटांतली.

म्हणून जाहिरातीत माशाची जी सुंदर कमान दिसते ती नांगरलेल्या होडीत किंवा बर्फाच्या भोकाशी सहसा दिसत नाही. कमान होते ती अशी: होडी पुढे सरकते, मासा आवाजाच्या झोताच्या कडेला येतो, तेव्हा तो तिरक्या अंतरावर म्हणजे जरा लांब असतो. होडी बरोबर वर आली की अंतर सगळ्यात कमी. पुढे गेली की पुन्हा लांब. लांब, जवळ, लांब, की झाली कमान. होडी हललीच नाही आणि मासाही खाली थांबून राहिला, तर अंतर बदलत नाही आणि स्क्रीनवर सरळ आडवी रेघ उमटत राहते. रेघ लांब आहे म्हणजे मासा लांबलचक आहे असं समजू नका. तो फक्त जास्त वेळ थांबला आहे.

परातीएवढी बॅटरी

ट्रान्सड्युसरमधून आवाज खाली जातो तो शंकूच्या आकारात, बॅटरीच्या झोतासारखा. छोट्या होडीतली बहुतेक यंत्रं २०० किलोहर्ट्झच्या आसपास आवाज सोडतात आणि त्यांचा झोत साधारण २० अंशांचा असतो. याचं गणित एकदा हाताने करून बघण्यासारखं आहे. तीस मीटर खोलीवर या झोताचा तळावरचा घेर साडेदहा मीटर रुंद होतो. म्हणजे खोल समुद्रातला ट्रॉलर एका वेळी अख्ख्या अंगणाएवढा तळ बघतो. तीन मीटरवर तोच घेर एक मीटर. आणि दीड मीटर खोलीवर, जिथे मासे फिरत असतात तिथे, जेमतेम अर्धा मीटर. स्वयंपाकघरातल्या मोठ्या परातीएवढा.

खोली दहापट कमी झाली की घेराची रुंदी दहापट कमी होते, पण क्षेत्रफळ शंभरपट कमी होतं. मामाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं. मामाचं पागेर उघडलं की पाच-सहा हात घेर धरतं. माझं यंत्र परातीएवढं पाणी बघत होतं. शेवटे होडीच्या आजूबाजूला असतीलच, पण नेमके बुडाखालून जाण्याचं त्यांना काय कारण? उथळ पाण्यात मासा होडीच्या सावलीपासूनच लांब पळतो.

मग रुंद झोत का वापरू नये? वापरता येतो. आवाजाची कंप्रता (सेकंदाला होणारी कंपनं) कमी केली, ८० किलोहर्ट्झच्या आसपास आणली, की अनेक यंत्रांत झोत ६० अंशांपर्यंत पसरतो आणि तीन मीटरवर साडेतीन मीटरचा घेर मिळतो. पण त्याची किंमत तळाशी चुकवावी लागते. यंत्राला फक्त अंतर कळतं, दिशा कळत नाही. होडीखालचा तळ तीन मीटरवर आहे, त्याचा प्रतिध्वनी दणकून येतो. झोताच्या कडेला तळापासून हातभर वर एखादा मासा आहे, पण तिरकं अंतर धरलं तर तोही तीन मीटरवर. दोघांचे प्रतिध्वनी एकाच वेळी येतात आणि माशाचा आवाज तळाच्या आवाजात बुडून जातो. साठ अंशांच्या झोतात कडेला तळाजवळचं सुमारे ४० सेंटिमीटर पाणी असं आंधळं होतं. वीस अंशांच्या झोतात हे नुकसान फक्त पाच सेंटिमीटरच्या आसपास. खोल समुद्रात ४० सेंटिमीटर गेले तर कोण रडतो? तीन मीटरच्या खाडीत मात्र तळाजवळ बसणारा चणक नेमका तिथेच असतो. (रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात तो आमचा चणक.)

वरच्या बाजूलाही असाच एक आंधळा पट्टा आहे. चकती आवाज सोडते आणि लगेच तीच ऐकायला बसते. पण देवळातली घंटा वाजवून हात काढला तरी ती काही वेळ घुमत राहते, तशी चकतीही घुमते. घुमत असताना जवळून आलेला प्रतिध्वनी तिला ऐकू येत नाही. त्यामुळे वरचं फूट-दीड फूट पाणी जाड पट्ट्याने झाकलेलं असतं. तीस मीटरांतला दीड फूट म्हणजे काहीच नाही. दीड मीटरच्या पाण्यात तो जवळजवळ एक तृतीयांश झाला. शेवटे वरच्या पाण्यात फिरतात, उड्या मारतात. मामाच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हे.

आवाजाचा ठोका किती लांब आहे यावरही बरंच अवलंबून असतं. ठोका एक दशांश मिलिसेकंदाचा असेल तर पाण्यात त्याची लांबी १५ सेंटिमीटर होते आणि एकमेकांपासून साडेसात सेंटिमीटरच्या आत असलेल्या दोन वस्तू एकच दिसतात. मासा आणि तळ यांत चार बोटांचं अंतर असेल तर मासा तळाचाच उंचवटा वाटतो. यावर नव्या यंत्रांत चर्प नावाची युक्ती आहे. एकाच सुरात ठोका न देता ते खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत सर्रकन चढतात, भजनाच्या सुरुवातीला आलाप घ्यावा तसे. परत आलेल्या प्रतिध्वनीत कुठला सूर कधी आला हे जुळवून अंतर फार बारकाईने काढता येतं, दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत. उथळ पाण्यासाठी यंत्र विकत घेणार असाल तर पैसे यावर घाला. जास्त ताकदीच्या यंत्रावर घालू नका, ती ताकद उथळ पाण्यात उलट अंगावर येते.

चिखलात घालवलेले दोन तास

ती अंगावर कशी येते ते मी स्वतः भोगलं. ओहोटीच्या वेळी मी एकटाच होडी घेऊन कांदळवनाच्या कडेने चाललो होतो. स्क्रीनवर खोली ०.८ मीटर. निर्धास्त होतो. आणि होडी हळूच, लोण्यात सुरी जावी तशी, चिखलात बसली. वल्हं खाली घातलं तर पाणी गुडघ्याच्याही खाली, जेमतेम ४० सेंटिमीटर. उतरून ढकलायला गेलो तर गुडघ्यापर्यंत रुतलो. मग भरती येईपर्यंत दोन तास डास मारत बसलो आणि डोकं चालवलं.

०.८ म्हणजे ०.४ ची बरोबर दुप्पट. आवाज तळावर आपटून वर आला, पाण्याच्या पृष्ठभागावर आणि होडीच्या बुडावर आपटून पुन्हा खाली गेला, आणि दुसऱ्यांदा वर आला. दोन फेऱ्या, म्हणून दुप्पट वेळ, म्हणून दुप्पट खोली. पहिला प्रतिध्वनी इतक्या लवकर आला की तो घुमणाऱ्या पट्ट्यात हरवला. दुसरा स्वच्छ आला आणि यंत्राने त्यालाच तळ मानलं. यंत्राची संवेदनशीलता, म्हणजे गेन, मी चढवून ठेवली होती. मासे दिसत नाहीत, चला गेन वाढवू! रेडिओ नीट लागत नसला की आवाज वाढवावा, तशातला प्रकार.

उथळ पाण्यात करायचं ते बरोबर उलटं. आवाजाला जेमतेम काही मीटर जाऊन यायचं आहे, प्रतिध्वनी ढणढणीत येतो. गेन उतरवा, यंत्रात कमी ताकदीची सोय असेल तर ती चालू करा, आणि खोलीची मर्यादा आपोआपवर न ठेवता हाताने शून्य ते पाच मीटर अशी बांधून टाका. गेन किती उतरवायचा याची माझी खूण: आधी इतका उतरवा की तळ सोडून सगळं पुसलं जाईल, मग हळूहळू चढवा, आणि आपल्याच गरीवरचं शिसं बारीक रेघ म्हणून दिसायला लागलं की थांबा.

तो दुसरा प्रतिध्वनी मात्र शत्रू नाही, ओळख करून घेतली तर. खडक, शिंपल्यांचे थर, घट्ट वाळू यांच्यावरून आवाज जोरात उसळतो, म्हणून तिथे तळाखाली दुप्पट खोलीवर दुसरी रेघ दिसते. (शून्य ते पाचच्या मर्यादेत ती दिसत नसेल तर तेवढ्यापुरती मर्यादा वाढवून बघा.) चिखल आवाज पितो. तळाची रेघ फिकी पडते आणि दुसरी रेघ जवळपास येतच नाही. मोरजीच्या बाजूला नदीच्या तोंडाशी वाळू आणि वर कामुर्लीकडे चिखल, हा फरक एकाच फेरीत स्क्रीनवर दिसतो. माझं स्पष्ट मत असं झालंय की तीन मीटर पाण्यात हे यंत्र मासे शोधायला घेऊच नये. तळ वाचायला घ्यावं. चिखलात मध्येच खडकाचा उंचवटा कुठे आहे, वाळूचा बांध कुठे तुटतो, मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या झडपेच्या) तोंडाशी पाण्याने किती खोल कोंड केली आहे, हे ते झकास सांगतं. चणक आणि तांबोशी अशाच जागांच्या आडोशाला असतात हे मामाला यंत्राविना ठाऊक आहे, पण ही जागा नेमकी कुठे, हे शोधायला त्याला चाळीस वर्षं लागली.

मासा मुळात दिसतो तरी कशामुळे? माशाचं मांस म्हणजे बहुतांशी पाणीच. पाण्यातून पाण्यासारख्याच वस्तूत जाताना आवाज फारसा उसळत नाही. तो उसळतो हवेवर. मासा साफ करताना पोटात जी पांढरी, फुग्यासारखी पिशवी निघते, ज्याला पुस्तकात वाताशय म्हणतात आणि पालघरकडचे कोळी भोत म्हणतात, ती हवेने भरलेली असते. माशाकडून येणाऱ्या प्रतिध्वनीतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग तिचा असतो. आपण माशाला बघत नाही, त्याच्या पोटातल्या फुग्याला बघतो.

याचा अर्थ ज्याच्या पोटात फुगा नाही तो जवळजवळ अदृश्य. मोरी (शार्क) आणि वागळ्यांना (पाकट) वाताशय नसतं. मोठ्या झालेल्या लेपोला नसतं, शिवाय तो तळाला चिकटून बसतो, म्हणजे दुहेरी अदृश्य. कुर्ल्या (खेकडे), सुंगटं (कोळंबी) यांचं तर विचारूच नका. आणि उलट बाजूने, हवा असलेली कुठलीही फालतू वस्तू माशासारखी दिसते. बुडबुडे, कुजणाऱ्या पानांतून सुटणारा वायू, अर्धी फुगलेली प्लास्टिकची पिशवी. यंत्रात माशाची चित्रं दाखवायची जी सोय असते ती दुकानात गिऱ्हाईक खूश करायला बरी. पावसानंतर शापोऱ्यात ती चालू केली तर बाजार भरलेला दिसतो, तो सगळा पालापाचोळ्याचा. मी ती पहिल्याच आठवड्यात बंद केली.

बर्फ आणि नांगर

आता भावाच्या तळ्याकडे. चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर, स्वच्छ घट्ट बर्फ झाल्याशिवाय पायी जाऊ नये असा तिकडचा नियम आहे. मोठ्या गिरमिटाने भोक पाडायचं, त्यातला बर्फाचा चुरा झाऱ्याने उपसून काढायचा, आणि ट्रान्सड्युसर असा सोडायचा की तो बर्फाच्या खालच्या कडेच्या किंचित खाली येईल. भोकातच वर राहिला तर बर्फाच्या भिंती झोत कापतात. चुरा तसाच ठेवला तर त्यात अडकलेली हवा आवाज अडवते. बर्फ काचेसारखा स्वच्छ असेल तर भोक न पाडताही बघता येतं: वर थोडं पाणी ओतायचं आणि ट्रान्सड्युसर त्यात टेकवायचा, म्हणजे मध्ये हवेचा थर राहत नाही आणि खाली पाणी किती आहे ते कळतं.

हवेचा हा मुद्दा आपल्यालाही लागू. ट्रान्सड्युसर पाण्यात सोडला की त्याच्या तोंडाला बारीक बुडबुडे चिकटतात आणि स्क्रीन अर्धवट कोरी पडते. दुकानात "सेन्सर गेला" म्हणून आलेल्या यंत्रांपैकी काहींना मी फक्त भांडी घासायच्या साबणाचा थेंब लावून बोटाने पुसलं आहे. पैसे घ्यायला जीभ उचलत नाही.

बर्फावरचे जुने लोक गोल तबकडीचं यंत्र वापरतात, त्याला फ्लॅशर म्हणतात. त्यात इतिहास नाहीच. तबकडीवर शून्यापासून खोलीचे आकडे, आणि आत्ता जिथून प्रतिध्वनी येतोय तिथे रंगीत पट्टी चमकते. एक पट्टी तळाची, एक गरीची. मासा आला की तिसरी उगवते. झोताच्या कडेला असताना हिरवी आणि बारीक, मध्ये आला की लाल आणि जाड. हा रंग माशाच्या वजनाचा नव्हे, प्रतिध्वनीच्या जोराचा. बरोबर खाली असलेला लहान मासा कडेच्या मोठ्या माशापेक्षा लाल दिसू शकतो. भाऊ सांगतो, गरीची पट्टी जरा वर उचलायची. माशाची पट्टी तिच्यामागे वर आली तर तो भुकेला आहे. थांबली तर आमिष बदला.

हे ऐकल्यावर माझी ट्यूब पेटली. बर्फाचं भोक आणि नांगरलेली होडी यांत सोनारच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दोन्हीकडे गोळा स्थिर, कमान नाही, फक्त रेघा. म्हणून मी आता चालत्या होडीत यंत्र लावतो ते फक्त तळ वाचायला. गरवायला बसलो की नांगर टाकतो, यंत्र फ्लॅशरसारखं लावतो आणि त्या परातीएवढ्या पाण्यातच गरी सोडतो. अख्खी नदी बघायचा हट्ट सोडला. पहिला चणक असाच मिळाला, मानशीच्या कोंडीत: गरीच्या रेघेखाली दुसरी रेघ आली, जाड झाली, तिरकी वर चढली, आणि दोरी हातातून ओढली गेली.

फरक आहेत ते पाण्याचे. गोठलेलं तळं निवांत असतं. लाट नाही, प्रवाह जवळपास नाही, तळाशी पाणी चार अंशांच्या आसपास आणि वर बर्फाला लागून शून्य. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत सहा तासांत पाणी दोन मीटरनी चढतं-उतरतं. सकाळी तीन मीटर असलेली जागा दुपारी एक मीटर. झोताचा घेर परातीवरून ताटलीवर येतो आणि आंधळे पट्टे तेवढेच राहतात. भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, हा त्रास कमी. पावसात वरून गोडं पाणी आणि खालून खारं पाणी असे दोन थर होतात, त्यांच्या सीमेवर गाळ तरंगतो आणि मधोमध एक फिकी आडवी रेघ दिसते. तो माशांचा थवा नव्हे.

होडी डोलते हाही एक ताप. गोळा नुसता वायरला लोंबकळत ठेवला, जसा भाऊ भोकात ठेवतो, तर प्रवाह त्याला तिरका करतो. दहा अंश तिरका झाला तर तीन मीटरवर झोताचा मध्य अर्धा मीटर सरकतो, म्हणजे गरी झोताबाहेर. मी बांबूच्या काठीला घट्ट बांधून कडेला उभा लावतो.

दोघांना सारखाच असलेला आणखी एक नियम: गप्प बसा. यंत्राचा आवाज इतका उंच असतो की बहुतेक माशांना तो ऐकूच येत नाही. पण बर्फावरचं पाऊल किंवा होडीत आपटलेली बादली त्यांना चांगली ऐकू येते, आणि उथळ पाण्यात आवाजापासून पळायला खोली नसते, म्हणून ते आडवे लांब पळतात. भावाचे मित्र तीन मीटरपेक्षा कमी पाण्यात आधी सगळी भोकं पाडून ठेवतात आणि मग तासभर तिकडे फिरकत नाहीत. पाणी काचेसारखं असतं, त्यामुळे बरेच जण अशा जागी सोनार ठेवून देतात आणि कॅमेराच खाली सोडतात. शापोऱ्याच्या गढूळ पाण्यात कॅमेरा सोडला तर चहात सोडल्यासारखं होईल. इथे आवाजच हवा. नदीच्या तोंडाशी येणारे डॉल्फिन याच गढूळ उथळ पाण्यात टिकटिक आवाज सोडून मासे पकडतात, आणि तेही डोकं सतत इकडेतिकडे वळवून झोत फिरवतात.

शेजारी शेजारी दोन यंत्रं एकाच कंप्रतेवर चालली तर एकमेकांचे आवाज ऐकून स्क्रीनवर तिरक्या रेघांचा पाऊस पडतो. एकाने कंप्रता बदलायची, प्रश्न मिटतो.

राहिली निगा. तिकडे थंडीने बॅटरी अर्ध्यावर येते, म्हणून भाऊ ती कोटाच्या आत ठेवतो. इकडे बॅटरी मजेत असते, मरतो तो जोडणीचा पिन. खाऱ्या पाण्याचा एक थेंब आत गेला की आठवड्याभरात तांब्यावर हिरवा थर येतो, आणि मग यंत्र मध्येच बंद पडायला लागतं. नदीतून आलात की पिन गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, आणि पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. दहा रुपयांचं काम आहे.

परवा भावाने फोनवर फोटो मागितला, त्याचं यंत्र शापोऱ्यात काय बघतं ते बघायला. नांगरून बसलो होतो तेव्हाचा पाठवला. तळ, गरी, आणि दोन मीटरवर एक जाडजूड लाल रेघ, स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. त्याने लगेच लिहिलं, "बापरे, हा कुठला मासा? हलतच नाही!" मामाला दाखवलं. तो हसला, आणि होडीच्या नाळेवरून पाण्यात गेलेली नांगराची दोरी त्याने दोन बोटांनी ओढून दाखवली. स्क्रीनवरची रेघ हलली.